वॉटसन हॉटेल, एकास पन्नास : प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, रविवार

आजपासून वही सुरू. मुंबईत काळा घोड्याजवळ असलेल्या वॉटसन हॉटेलची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची, लाकडी प्रतिकृती करायची आहे. प्रमाण एकास पन्नास. आमच्या कोल्हापुरातल्या वाचनालयाने फेब्रुवारीअखेर तीन दिवस सभागृह द्यायचे कबूल केले आहे. भाची मुंबईत आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. मोजमापे, फोटो आणि छापील नकाशे तिच्याकडे, सुतारकाम माझ्याकडे.

मी छत्तीस वर्षे शिरोलीच्या फौंड्रीत पॅटर्न शॉपला होतो. ओतायच्या वस्तूची आधी लाकडात हुबेहूब नक्कल करायची, वाळूत तिचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेल्या धातूचा रस ओतायचा. आयुष्यभर हेच केले. गेल्या मे महिन्यात भाचीने या इमारतीचा जुना फोटो दाखवला, तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले, "अगं, ही सगळी बिडाची आहे." बाहेरून दिसणारे खांब, सज्जांचे ब्रॅकेट, सगळे ओतीव. भिंतीच्या विटा नुसत्या सांगाड्यात भरलेल्या. तेव्हा लोक तिला पक्ष्याचा मोठा पिंजरा म्हणायचे, ते मला एकदम पटले.

ती म्हणाली, "मामा, ही पाडायची म्हणत होते." त्या रात्री मला झोप लागली नाही.

९ नोव्हेंबर

इतिहासाची टिपणे. भाचीने पाठवलेली पाने वाचून, तारखा दोनदोन ठिकाणी ताडून इथे उतरवतो, म्हणजे पाट्या लिहिताना शोधावे लागणार नाही.

१८६२ पासून गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला जात होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या. तटाबाहेरच्या मोकळ्या एस्प्लनेडवर जे नवे भूखंड पडले, त्यातला एक जॉन वॉटसन यांनी घेतला. हे गृहस्थ इंग्लंडच्या कंबरलँड भागातले, मुंबईत कापडाचे मोठे दुकान चालवणारे. मुळात त्यांना हॉटेल नव्हे, दुकान आणि कचेरीच बांधायची होती. बांधकाम १८६७ ते १८६९ आणि हॉटेल सुरू झाले १८७१ मध्ये.

आराखडा इंग्रज अभियंते रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. हे नाव पाटीवर मोठ्या अक्षरात हवे. क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या काच-लोखंडाच्या प्रदर्शनगृहाच्या कामात ते होते, आणि लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनचे अवाढव्य छप्पर अभियंते बार्लो यांच्याबरोबर त्यांनीच उभे केले. ते छप्पर १८६८ चे, गाळा सुमारे २४० फूट, मध्ये एकही खांब नाही. म्हणजे वॉटसनचे खांब आणि सेंट पँक्रसची कमान एकाच माणसाच्या टेबलावर एकाच सुमाराला होती. वॉटसनचे ओतकाम डर्बीच्या फिनिक्स फौंड्रीत झाले. डर्बीत ओतलेले खांब काळा घोड्याला उभे राहिले, हे वाचून मी बराच वेळ त्या ओळीवरच थांबलो.

सुएझचा कालवा नोव्हेंबर १८६९ मध्ये सुरू झाला. त्याआधी असला अवजड माल आफ्रिकेला वळसा घालूनच यायचा. एखादा खांब वाटेत तडकला तर दुसरा यायला किती महिने लागत असतील! बीड ठिसूळ असते, आपटले की जाते. ज्यांनी ते पेट्यांत भरले, पेंढ्यात गुंडाळले, त्यांच्या हाताला दाद द्यायला हवी.

१० ते १६ नोव्हेंबर

दिवाळी. काम बंद.

१९ नोव्हेंबर, रविवार

साहित्य आणले. खांबांना सागवान, तुळयांना देवदार, कठड्यांना पितळी तार. जुन्या सागाच्या दारांच्या चौकटी लक्ष्मीपुरीत एका वखारीत मिळाल्या. वाळलेला साग, आता पिळणार नाही.

मधल्या चौकाचे माप आधी ठरवले, कारण सगळे त्याभोवती बसते. काचेच्या छताखालचा हा चौक सुमारे ३० मीटर लांब आणि ९ मीटर रुंद होता, तिथेच नाचाचे जलसे व्हायचे. आपल्या प्रमाणात ६०० मिलिमीटर आणि १८० मिलिमीटर. पाच मजले, १३० खोल्या, तळाला उपाहारगृह आणि बार.

२६ नोव्हेंबर, रविवार

तळमजल्याचे खांब कातले. एका बाजूचे सगळे फेव्हिकॉलने बसवूनही टाकले. छान दिसले.

२७ नोव्हेंबर

रात्री भाचीला फोटो पाठवले. तिने एकच प्रश्न विचारला, "मामा, हे सुटे होतात का?"

नाही होत. आणि तिथेच माझी चूक माझ्या लक्षात आली. ही इमारत सुट्या भागांची आहे, हाच तर तिचा गाभा. फौंड्रीत भाग ओतले, जहाजाने आणले, इथे एकमेकांत बसवले. क्रिस्टल पॅलेस १८५१ मध्ये हाइड पार्कात उभा केला आणि प्रदर्शन संपल्यावर सोडवून सिडनहॅमला पुन्हा उभारला, १८५४ मध्ये तो तिथे खुला झाला. त्या कामाच्या तालमीत तयार झालेल्या माणसाने वॉटसनचा सांगाडा आखला. जे जोडून उभे केले ते सोडवता येते, दुरुस्त करून परत बसवता येते. माझी प्रतिकृती डिंकाने चिकटलेली असेल तर मी लोकांना दाखवणार काय?

सगळे खांब काढले. चार फुटले. आता प्रत्येक खांबाला वर-खाली डॉवेल, म्हणजे बारीक खुंटी, प्रत्येक तुळईला पिन. काम तिप्पट वाढेल, पण दुसरा मार्ग नाही.

३ डिसेंबर, रविवार

जोडाचे नमुने केले. पहिला ढिला, दुसरा घट्ट, तिसरा जमला. डॉवेल अडीच मिलिमीटरचा, वरून मेण लावलेला. खांब बोटाने ओढला की येतो आणि उभा असताना हलत नाही.

बायको म्हणाली, "नंबर टाक, नाहीतर तुलाच कळायचं नाही कुठला कुठं." बरोबर. मजल्याचा आकडा आणि ओळीचे अक्षर, प्रत्येक तुकड्याच्या पोटाला. असल्या कामात तेव्हाही असेच खुणांचे आकडे टाकत.

१० डिसेंबर, रविवार

मुंबईला जाऊन आलो. महालक्ष्मीने सकाळी सीएसएमटीला उतरलो, भाची स्टेशनवर आली होती. चालतच काळा घोडा गाठला. जहांगीर आर्ट गॅलरी, समोर रस्त्यापलीकडे सॅसून लायब्ररी, तिच्या शेजारी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि मग आपली इमारत.

लोक तिथला नवा घोडा बघत उभे होते. मूळचा सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये बसवलेल्या या घोड्यावर स्वार नाही. तो घोडा बघणाऱ्यांपैकी मागे वळून वॉटसनकडे पाहणारा एकही दिसला नाही.

आत जायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मी पलीकडच्या फूटपाथवरून दीड तास पाहिले. खांबांच्या बगलेत जिथे ब्रॅकेट बसतो तिथे पाणी मुरून गंज फुगलेला असणार. गंजाला लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते. जोडात साठलेला गंज पाचर ठोकावी तसा दोन भाग वेगळे करतो. बीड दाबाला जबर, ओढीला कमजोर. ताणाची ताकद दाबाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी. त्यामुळे सरळ खाली भार पेलणारा खांब दीडशे वर्षे उभा राहतो आणि बाहेर लोंबणारा सज्जा आधी जातो.

तसेच झाले. १ जुलै २००५ ला पश्चिमेकडचे सज्जे रस्त्यावर कोसळले. एकाचा जीव गेला, खाली उभ्या गाड्या चिरडल्या. त्याच्या आदल्या महिन्यातच वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्या आग्रहाने वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने ही इमारत जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतली होती. माणूस गेला ही गोष्ट प्रतिकृतीत कशी दाखवायची, यावर परतीच्या गाडीत आम्ही फोनवर बोलत होतो. उत्तर सापडले नाही.

१७ डिसेंबर, रविवार

फौंड्रीतल्या जुन्या मित्राने एक हीट, म्हणजे भट्टीची एक खेप, माझ्यासाठी राखून ठेवली. पोकळ बिडाचा एक छोटा खांब ओतून घेतला, लांबी दोन फूट, बाहेरचा व्यास सहा इंच, जाडी १५ मिलिमीटर. वॉटसनच्या खांबाची ती नक्कल नाही. पोकळ खांब म्हणजे काय वस्तू असते ते लोकांनी हात लावून पाहावे, एवढाच हेतू.

पॅटर्न घरीच केला. फुटाला एक अष्टमांश इंच वाढवून, कारण बीड थंड होताना तेवढे आकसते. साचा मुद्दाम आडवा ठेवला, जुन्या काळी बरेच खांब असेच ओतत. खांब पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवतात त्या वाळूच्या कोअरला मधे चॅपलेट, म्हणजे त्याला जागेवर धरणारे लोखंडी आधार, लावले नाहीत. मित्र म्हणाला, "अहो, कोअर तरंगंल की." म्हटले, तरंगू दे, तेच बघायचे आहे.

संध्याकाळी खांब मधोमध कापला. वरच्या बाजूला जाडी ११, खालच्या बाजूला १९. बाहेरून मात्र खांब गोल गरगरीत, कुठे काही कळायला जागा नाही. पातळ रस वाळूच्या कोअरपेक्षा चौपट जड, तो कोअरला वर उचलतो. पाण्यात बुडवलेले लाकूड वर येते ना, तसेच.

हा कापलेला खांब प्रदर्शनात पहिल्या टेबलावर ठेवायचा. जुन्या बिडाचा खांब चांगला की वाईट हे रस्त्यावरून बघून सांगता येत नाही, रंगावरून तर मुळीच नाही. एकेका खांबाची जाडी अल्ट्रासॉनिकने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, चहूबाजूंनी घ्यायची, शंका आली तिथे बारीक छिद्र पाडून खात्री करायची, मग ठरवायचे की हा राहील, याला आधार लागेल, हा बदलावा लागेल. तडा गेलेल्या बिडाला वेल्डिंग करताना फार जपावे लागते, पण मेटल स्टिचिंग, म्हणजे तडा धातूच्या टाक्यांनी सांधणे, आहेच. कोल्हापुरात ऑइल इंजिनाचे ब्लॉक किती वर्षे असेच टाचून चालवले आहेत! आणि नवा खांब ओतायचा झाला तर महाराष्ट्रात फौंड्र्यांची वाण नाही. १८६७ मध्ये वॉटसनना डर्बीला जावे लागले, आज आपल्याला शिरोलीच्या पुढे जायला नको.

२४ डिसेंबर

दुसरा मजला उभा राहिला. नोंद करण्यासारखे आणखी काही नाही.

३१ डिसेंबर, रविवार

पाट्यांचा मजकूर लिहायला घेतला. पहिली पाटी सिनेमाची, कारण कोल्हापूरकर तिथेच थांबणार.

७ जुलै १८९६. वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचे भारतातले पहिले खेळ. खेळ घेऊन आलेले मारियुस सेस्तिए, तिकीट एक रुपया. गाडी स्टेशनात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, भिंत पाडली जाते, अशी एकेक मिनिटाचीही नसलेली चलच्चित्रे. पुढच्याच आठवड्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये गेले. त्या वर्षी ही चित्रे पाहून भारावलेल्यांत एक होते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावे दादा. त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. मराठी माणसाने कॅमेरा हातात घेतला तो आधी कुस्तीकडे वळवला, हे कोल्हापुरात वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आणि पुढे आमच्याच गावात बाबूराव पेंटर यांनी कॅमेराच स्वतः तयार केला. तिकडच्या त्या एक रुपयाच्या तिकिटापासून इथवरची ही वाट या पाटीवर बाणाने दाखवायची.

दुसरी पाटी अमेरिकी लेखक मार्क ट्वेन यांची. १८९६ च्या जानेवारीत ते इथे उतरले होते. प्रवासवर्णनात त्यांनी मुंबईच्या कावळ्यांवर फार मजेदार लिहिले आहे आणि सगळे तेवढेच सांगतात. मला त्याच पानांच्या आसपासची दुसरी गोष्ट लावायची आहे. खोलीत काहीतरी ठीकठाक करायला आलेल्या भारतीय नोकराला एका युरोपीय माणसाने कारण न सांगता थोबाडीत मारली. तो नोकर काही न बोलता कामाला लागला. ते बघून ट्वेन यांना आपले बालपण आणि तिथले गुलाम आठवले. या सुंदर खांबांच्या मधे हेही घडत होते. हॉटेल युरोपियनांचे होते. ज्यांनी ते बिडाचे खांब खांद्यावर वाहून उभे केले त्यांच्यासाठी आत खुर्ची नव्हती.

जमशेटजी टाटांना इथे दारातून परत पाठवले म्हणून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट पाटीवर घेणार नाही. भाचीला ती हवी होती. पण तिच्याबद्दल इतिहासकारांनीच शंका घेतली आहे. ताज १९०३ मध्ये सुरू झाले आणि वॉटसनचे गिऱ्हाईक तिकडे वळू लागले, एवढे खरे आहे आणि तेवढेच पुरे.

७ जानेवारी २०२४, रविवार

चौथा मजला. कठड्यांची तार वाकवताना डाव्या अंगठ्याला जखम. दोन दिवस कानस धरता येणार नाही.

बसल्या बसल्या भाचीशी फोनवर वाद झाला, तो लिहून ठेवतो, कारण त्याने प्रतिकृतीच बदलली.

माझा बेत १८७१ चे हॉटेल दाखवायचा होता. चौक मोकळा, काचेचे छत, खोल्या नीटस. हॉटेल बंद पडल्यावर तिथे जे झाले, म्हणजे खोल्यांचे तुकडे, चौकात पडद्या, माळे, न्हाण्या, टाक्या, वायरींची जाळी, ते मला दाखवायचेच नव्हते. मी म्हणालो, "त्या लोकांनी इमारतीची वाट लावली."

ती म्हणाली, "मामा, हॉटेल किती वर्षं चाललं आणि ती माणसं किती वर्षं राहिली, याचा हिशोब करा."

केला. १९४४ मध्ये तिचे नाव बदलले. २०१९ मध्ये ती रिकामी केली. पंच्याहत्तर वर्षे. हॉटेलाच्या वाट्याला एवढी वर्षे आलीच नाहीत. जवळच कोर्ट, त्यामुळे वकिलांची ऑफिसे, टंकलेखक, झेरॉक्सवाले, आणि वरच्या मजल्यांवर राहणारी कुटुंबे.

आणि वाट का लागली? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. फाळणी, महागाई, घरांची टंचाई, त्या काळात भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणारा तो कायदा होता. पण भाडे तिथेच थांबले आणि पाणी, गंज, वाळवी थांबली नाही. मालकाला दुरुस्ती परवडेना किंवा नकोशी झाली. भाडेकरू म्हणायचा, इमारत माझी नाही, मी का खर्च करू. मुंबईतल्या हजारो चाळींची हीच कथा. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि जुन्या इमारतींवर उपकर लागला, पण उपकराच्या पैशात तात्पुरते टेकू लागतात, बिडाचा सांगाडा त्यात सुधारत नाही.

तिचे म्हणणे मला पटले. आता चौकात बसतील अशा पातळ प्लायच्या पडद्यांचा एक संच करायचा. तो बसवला की १९८० च्या सुमाराची एस्प्लनेड मॅन्शन, काढला की १८७१ चे हॉटेल.

१४ जानेवारी, रविवार

पुनर्विकासाची पाटी. ही सर्वांत अवघड. चार वेळा लिहून फाडली. अखेर असे ठरले.

मुंबईत वारसा इमारतींचे नियम १९९५ पासून आहेत आणि ही इमारत श्रेणी दोन-अ मध्ये आहे. वारसा समितीच्या संमतीशिवाय तिला हात लावता येत नाही. दुसऱ्या बाजूला, जुनी उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधली तर वाढीव चटईक्षेत्र मिळते, त्यातून भाडेकरूंचे पुनर्वसन होते आणि बांधणाऱ्याला विकायला जागा उरते. म्हणजे पाडण्याच्या बाजूला पैसा उभा आहे. जतनाच्या बाजूला नियम आहे आणि न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची टीडीआरची सोय आहे, पण गवंडी, फौंड्री, सल्लागार यांची बिले तर आधीच भरायची असतात.

२०१९ मध्ये न्यायालयात हा प्रश्न ऐरणीवर होता. इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडावी असे सांगितले. वास्तुसंवर्धन करणाऱ्या तज्ज्ञांनी त्याला विरोध करून ती सावरता येईल असे मांडले.

अहवाल लिहिणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्याच्या सहीवर उद्या कुणाचा जीव अवलंबून असतो तो सावधच लिहिणार. पण "इमारत" असा एकच शब्द वापरला की एकच उत्तर येते. ती शेकडो भागांची आहे. त्यातला कोणता भाग गेला, किती गेले, कोणते धडधाकट आहेत, असा तुकड्या-तुकड्याने विचारलेला प्रश्न वेगळे उत्तर देईल, हे मी हातात कानस धरून सांगू शकतो.

शेजारी सेंट पँक्रसचा फोटो लावायचा. त्या स्टेशनाला चिकटून मिडलँड ग्रँड हे हॉटेल होते, १८७३ चे. १९३५ मध्ये बंद पडले, रेल्वेच्या कचेऱ्या झाल्या, १९६० च्या दशकात पाडायला निघाले. लोक आडवे आले, १९६७ मध्ये वरच्या श्रेणीचे संरक्षण मिळाले. तरीही पुन्हा हॉटेल म्हणून दार उघडायला २०११ उजाडले. चव्वेचाळीस वर्षे! वॉटसनला रिकामे होऊन अजून पाचही झालेली नाहीत. ऑर्डिश यांची लंडनमधली कमान आज गाड्यांवर सावली धरून आहे.

आपल्याकडे बघायचे तर भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. आतले ओतीव खांब आणि कठडे दुरुस्तीनंतर कसे उजळले ते मी स्वतः पाहिले आहे.

२१ जानेवारी, रविवार

पडद्यांचा संच झाला. बसवून पाहिला. चौकातला उजेड एकदम गेला. खाली ठेवलेला बल्ब वरच्या मजल्यावरून दिसेना. एवढ्या वर्षांत तिथल्या लोकांनी दिवसा दिवे लावून काम केले, ते आज कळले.

४ फेब्रुवारी, रविवार

काचेच्या छतासाठी ॲक्रिलिक आणले. कापताना एक पट्टी तडकली. दुसरी लागली.

पश्चिमेच्या सज्जाचा निर्णय झाला. २००५ मध्ये पडलेला भाग वेगळ्या लाकडाचा करायचा, साग नव्हे, पांढरा देवदार, रंग न देता. तोही निघेल असा. पाटीवर तारीख आणि "यात एका माणसाचा मृत्यू झाला" एवढेच. जतन, जतन म्हणताना आपण ज्याला विसरतो तो माणूस त्या पांढऱ्या लाकडात राहील.

११ फेब्रुवारी, रविवार

पाचवा मजला आणि छत. सगळे तुकडे मोजले, ४१२. सोडवून पेटीत भरले आणि पुन्हा उभे करून पाहिले. सोडवायला पन्नास मिनिटे, उभारायला चार तास दहा मिनिटे. नंबर नसते तर दोन दिवस लागले असते.

२५ फेब्रुवारी, रविवार

प्रदर्शनाचा पहिला दिवस. मुलांनी कापलेल्या खांबाभोवती गर्दी केली. ११ आणि १९ हे आकडे त्यांना पाठ झाले. उद्यमनगरातले तिघे-चौघे जुने मोल्डर आले होते. त्यांनी कोअरवरून एकमेकांत असा वाद घातला की मला पुढचा अर्धा तास काही बोलावेच लागले नाही.

एका शाळकरी मुलीने तळमजल्याचा कोपऱ्यातला खांब ओढून काढला. वरचे मजले उभेच राहिले. तिने विचारले, "मग पडलं का नाही?" मी तिला शेजारच्या खांबांवर बोट ठेवायला सांगितले. भार तिकडे सरकला होता. मग तिनेच दुसरा काढायच्या आधी खाली लाकडाचा ठोकळा ठेवला. टेकू देऊन एकेक भाग बदलायचा, हे तिला मी सांगितले नव्हते.

२६ फेब्रुवारी

संध्याकाळी एक वयस्कर गृहस्थ आले. तरुणपणी मुंबईत होते, एका वकिलांकडे कारकून, एकोणीस वर्षे याच इमारतीत. त्या वेळी पडद्यांचा संच काढून ठेवलेला होता. ते मोकळ्या चौकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे असं आम्ही कधी बघितलंच नाही. आमच्या वेळी इथं अंधार होता."

मी संच बसवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, दुसऱ्या मजल्यावर बोटाने चालत गेले. "इथं जिना. इथं पाण्याचं पिंप. आमचं ऑफिस हे नव्हे, याच्या मागचं. वर माळा होता, फाइली तिथं. मी दुपारचा डबा तिथंच खायचो, बिडाच्या खांबाला पाठ लावून. उन्हाळ्यात खांब गार लागायचा." माळा मी केलेला नव्हता. त्यांना सांगितले, तर म्हणाले, "साडेचार फूट उंच असेल, वाकूनच जावं लागायचं."

त्यांना एक टाचणी दिली. त्यांनी ती जागा बघून लावली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटचा दिवस. रात्री सोडवून पेटीत भरले. तुकडे ४१२ भरले, एकही गहाळ नाही. टाचणी काढली नाही, ती असलेली पडदी वेगळ्या कागदात गुंडाळली.

३ मार्च, रविवार

माळा. साडेचार फूट म्हणजे १३७२ मिलिमीटर, आपल्या प्रमाणात २७ आणि थोडे वर. देवदार, दीड मिलिमीटर जाडीचा. फाइलींसाठी मांडणी तीन फळ्यांची. तुकड्याचा नंबर ४१३. भाची पुढच्या आठवड्यात येते आहे, ती आल्यावर बसवायचा.